चालू आहे

मिशरेफच्या चौथ्या ब्लॉकमधलं तळघर,
कुवेतात त्याला सरदाब म्हणतात.
बू नासरना तिथे सिनेमा हवाय:
मागे रेलणाऱ्या नऊ खुर्च्या,
छतात तारे, भिंतींत सात स्पीकर,
आणि आवाज जिन्यापर्यंतही जाता कामा नये.

मी इचलकरंजीचा. मागाच्या शेडमध्ये वायरिंग शिकलो,
जिथे माणसं ओठ बघून बोलतात.
आई अजूनही फोनवर ओरडूनच बोलते.
आणि इथे मी रॉकवूल भरतोय,
हातमोज्यातूनही खाजणारं.
एकेक पट्टा बसला की खोलीतून काहीतरी वजा होतं.
दुपारपर्यंत यादगिरीची शिंकसुद्धा
गादीखालून आल्यासारखी यायला लागली.

शेजारच्या बाजूचं जुनं पॅनेलिंग उचकटलं
तर मागे एक पाइप, ड्रॉइंगमध्ये नसलेला.
त्याच्या वर, प्लास्टरवर, सुतारी पेन्सिलीनं:

चालू आहे. हात लावू नये.
द. भि., ऑक्टो. ९०

"हिंदी?" यादगिरीनं विचारलं.
नाही रे. 'आहे' बघ. आणि हा 'नये'
मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटला नाही अजून:
बजावणं आणि विनवणं एकाच दमात.

घरातले सगळे ब्रेकर पाडलेले,
मीच पाडलेले, वर टेप, डीबीची चावी खिशात.
तरी टेस्टर टेकवला.
पेटला.

घाम पुसला. चहा मागवला.
हात लावला असता तर
छतातले तारे दुसऱ्या कुणीतरी जोडले असते.

बू नासर दिशदाशा सावरत आले, तिसऱ्या पायरीवर थांबले.
अक्षरं त्यांना येत नव्हती, आकडाही आपला.
मी साल सांगितलं.
मग ते माझ्याशी कमी, भिंतीशीच जास्त बोलले.
तेव्हा आठ वर्षांचे होते. बाहेर इराकी सैन्य.
सरदाबात दोन कुटुंबं, भिंतींना उभ्या गाद्या,
कारण खाली रेडिओ चालायचा
आणि आवाज जिन्यापर्यंतही जाता कामा नये.
या घराची लाइन गेलेली.
शेजारून एका हिंद्यानं रात्रीत तार ओढून दिली.
नाव? नाव नाही आठवत.
काम करताना जीभ बाहेर काढायचा,
मुलं त्याला हसायची, हळू.

शेजारी उम्म जासिमनी दार उघडलं, हातात पिठाची चाळण.
ऐकलं, आणि तोंडावर हात ठेवला.
"अजून आहे? बिलात तर कधी दिसली नाही."
कशी दिसेल, म्हटलं, पलीकडे काही लावलेलंच नव्हतं.
"लढाई संपल्यावर तो काढायला आला होता.
मीच म्हटलं, राहू दे थोडे दिवस."
चौतीस वर्षं.
मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा.
"काढ आता," त्या म्हणाल्या,
"आणि त्याला सांग, खुर्च्या मऊ असतील तरच मी येईन."

काढली.
परत येऊन टेस्टर टेकवला. तीनदा.
दोनदा पुरतं, पण तीनदा.

तार मात्र भिंतीतच ठेवली, टोकांना टेप गुंडाळून.
यादगिरी म्हणाला, तांबं आहे, विकता येईल.
मी त्याच्याकडून पेन्सिल मागितली,
आधी तिला टोक केलं,
आणि द. भि. च्या ओळीखाली,
अक्षर शक्य तितकं शाळेतलं काढत, लिहिलं:

बंद केली आहे.
आता हात लावला तरी चालेल.

"इथे कोण वाचणार?" यादगिरी.
जीभ आत घेतली. म्हटलं,
तक्ता उचल, आणि ते बावीस स्क्रू दे.